बाळंतपणातील वेदना, भीती आणि ‘आभासी’ चष्मा

‘बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म’ असे आपल्याकडे म्हटले जाते. या म्हणण्यात प्रसूतीच्या कष्टांची जाण आहे, तशी एक भीतीही दडलेली आहे. दिवस राहिल्यापासून पहिलटकरणीच्या कानांवर जे पडते, त्यात ही भीतीच अधिक असते. कुणाची जाऊ दोन दिवस अडली होती, कुणाच्या नणंदेला ऐनवेळी मोठ्या दवाखान्यात हलवावे लागले, कुणाचे ओरडणे तर म्हणे रस्त्यापर्यंत ऐकू येत होते! सांगणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. पण ऐकणारीच्या मनात या गोष्टी घर करतात. मग दिवस भरल्यावर ती कळांच्या आधी भीतीच बरोबर घेऊन प्रसूतिगृहात दाखल होते.

ही भीती नुसती मनाची बाब नाही. ती शरीरावर परिणाम करते आणि वेदना वाढवते. म्हणूनच वेदना कमी करण्याबरोबर भीती कमी करण्याचे मार्गही वैद्यकशास्त्र शोधत आले आहे. या मार्गांत गेल्या काही वर्षांत एका नव्या साधनाची भर पडली आहे. त्याचे नाव ‘व्हर्च्युअल रिअॅलिटी’, म्हणजे आभासी वास्तव. कळा सुरू असताना बाईच्या डोळ्यांवर एक मोठा चष्मा लावतात आणि ती काही वेळ समुद्रकिनारी किंवा रानात असल्याचा अनुभव घेते. हे साधन काय आहे, त्याने खरोखर फरक पडतो का, आणि हा चष्मा जिथे मिळत नाही तिथल्या बाईने त्यातून काय घ्यावे, याचा आज विचार करू.

कळा का दुखतात?

गर्भाशय हा स्नायूंचा बनलेला अवयव आहे. प्रसूतीच्या वेळी हे स्नायू ठरावीक अंतराने आकुंचन पावतात. त्यालाच आपण कळ म्हणतो. प्रत्येक कळेबरोबर गर्भाशयाचे तोंड थोडे थोडे उघडते आणि शेवटी सुमारे १० सेंटिमीटरपर्यंत रुंदावते. या ताणामुळे पोटात व कंबरेत दुखते. पुढे बाळ खाली सरकू लागले की ओटीपोटाचा खालचा भाग व योनिमार्ग ताणला जातो आणि दुखण्याचे स्वरूप बदलते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कळ येते, वाढते, ओसरते आणि मध्ये विश्रांती मिळते. इतर दुखण्यांत असे सहसा होत नाही. ही मधली विश्रांती फार मोलाची असते. त्या वेळात आईचे स्नायू सैलावतात आणि बाळालाही वारेतून रक्ताचा पुरवठा नीट होतो. पण घाबरलेली बाई ही विश्रांती घेतच नाही. एक कळ ओसरली की दुसरीच्या धास्तीने ती अंग आखडून बसते. विश्रांतीची दोन मिनिटेही तिच्या दृष्टीने वेदनेतच जमा होतात.

भीतीचे दुष्टचक्र

ग्रँटली डिक-रीड या इंग्रज प्रसूतितज्ज्ञाने हे चक्र प्रथम स्पष्टपणे मांडले. नैसर्गिक प्रसूतीवरचे त्यांचे पुस्तक १९३३ साली निघाले. त्यांचे म्हणणे साधे होते: भीतीमुळे शरीर ताठरते, ताठरल्याने अधिक दुखते आणि अधिक दुखल्याने भीती आणखी वाढते. पुढे फ्रान्समधील डॉ. फर्नांद लमाझ यांनी १९५१ साली सोव्हिएत रशियात जाऊन तेथील पद्धत पाहिली आणि पॅरिसला परतून गरोदर स्त्रियांना श्वसन व शिथिलीकरणाचे शिक्षण देण्यास सुरुवात केली. आज शहरांतून जे ‘लमाझ वर्ग’ चालतात, त्यांचे मूळ हे आहे.

सगळी वेदना भीतीतूनच येते, असे मात्र समजू नये. कळा दुखतातच आणि धीट बाईलाही दुखतात. परंतु भीतीने त्यात भर पडते हे खरे. माणूस घाबरला की शरीरात अॅड्रेनलिन नावाचे द्रव्य वाढते, छाती धडधडते, श्वास भरभर होतो. हे द्रव्य फार वाढले तर गर्भाशयाच्या आकुंचनाची लय बिघडू शकते आणि प्रसूती लांबू शकते. तेव्हा ‘एवढे काय घाबरायचे, सगळ्याच बायका बाळंत होतात’ असे म्हणून गप्प बसवणे हा उपाय नव्हे. भीती घालवणे हा उपचाराचाच एक भाग आहे.

वेदनेचे ‘फाटक’

गुडघा कशावर आपटला की आपला हात आपोआप तिथे जातो आणि आपण तो भाग चोळतो. चोळल्याने बरे का वाटते? रोनाल्ड मेलझॅक व पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ साली याचे स्पष्टीकरण दिले. वेदनेचा संदेश मज्जातंतूंतून पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत जातो आणि तेथून मेंदूकडे. मज्जारज्जूत जणू एक फाटक असते. रेल्वेचे फाटक अर्धे लोटले की रस्त्यावरून गाड्या कमी सुटतात, तसे हे फाटक लोटले गेले की वेदनेचे संदेश कमी प्रमाणात वर पोहोचतात. स्पर्श, चोळणे, शेक यांचे संदेश हे फाटक लोटण्यास मदत करतात. मेंदूही वरून हुकूम पाठवून ते उघडू किंवा मिटू शकतो. भीतीने ते अधिक उघडते. मन शांत असेल किंवा दुसरीकडे गुंतले असेल तर ते मिटू लागते.

दुसरी गोष्ट अवधानाची. मनाचे लक्ष हे मोजकेच असते. ते एकीकडे गुंतले की दुसरीकडे कमी पडते. आपल्या आज्या-पणज्या पहाटे जात्यावर बसून पायली-पायली दळण दळत आणि दळताना ओव्या गात. ओवीमुळे जाते हलके होत नसे, पण दळणाऱ्या हातांचे कष्ट जाणवत कमी. आभासी चष्म्यामागचे तत्त्व याहून फार वेगळे नाही.

चष्म्यातले जग

हा चष्मा पोहणाऱ्याच्या चष्म्यासारखा, पण बराच मोठा असतो. आत दोन्ही डोळ्यांसमोर किंचित वेगवेगळी चित्रे दिसतात, त्यामुळे दृश्याला खोली येते. मान वळवली की यंत्राला ते कळते आणि दृश्यही त्या बाजूला वळते. कानांना आवाज ऐकवण्याची सोय असते. बाहेरचे काहीच दिसत नसल्याने, आपण खरोखर त्या जागी आहोत असे मनाला वाटू लागते. सिनेमा आपण समोर बसून पाहतो. येथे आपण सिनेमाच्या आत बसलेलो असतो, असे म्हटले तरी चालेल. असा पहिला डोक्यावर घालायचा चष्मा आयव्हन सदरलँड या अमेरिकन संशोधकाने १९६८ साली तयार केला, पण तो इतका जड होता की छताला टांगावा लागे. आजचा चष्मा हातात सहज मावतो.

वेदनेसाठी त्याचा उपयोग प्रथम प्रसूतीत नव्हे, तर भाजलेल्या रुग्णांत झाला. भाजलेल्या जखमेचे ड्रेसिंग बदलणे हा रुग्णाला नकोसा वाटणारा प्रसंग असतो. अमेरिकेतील सिअॅटल येथे वॉशिंग्टन विद्यापीठाचे डॉ. हंटर हॉफमन व डॉ. डेव्हिड पॅटरसन यांनी १९९६ च्या सुमारास या कामाला हात घातला. त्यातून ‘स्नोवर्ल्ड’ नावाचा बर्फाळ प्रदेशाचा देखावा तयार झाला. रुग्ण त्यात बर्फाचे गोळे फेकत असताना इकडे ड्रेसिंग बदलले जाई. रुग्णांनी दुखणे कमी जाणवल्याचे सांगितले. पुढे २००४ साली निरोगी स्वयंसेवकांच्या मेंदूची छायाचित्रे घेतली, तेव्हा वेदनेशी संबंधित भागांतील हालचालही चष्मा लावलेला असताना कमी झाल्याचे आढळले. म्हणजे ही केवळ समजूत नव्हती.

चाचण्या काय सांगतात?

प्रसूतीतील वापराबाबत दोन अभ्यास येथे सांगण्याजोगे आहेत.

पहिला अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचा असून तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात २७ स्त्रिया होत्या. प्रत्येकीने कळा चालू असताना काही मिनिटे चष्मा लावून आणि काही मिनिटे चष्म्याविना काढली. देखावा समुद्राच्या पाण्याखालचा होता, त्यात संथ पोहणारे मॅनेटी नावाचे मोठे जलचर दिसत. चष्मा असताना वेदना, वेदनेमुळे होणारी तगमग, वेदनेच्या विचारात जाणारा वेळ आणि चिंता हे सर्व कमी झाल्याचे या स्त्रियांनी नोंदवले.

दुसरा अभ्यास लॉस एंजेलिस येथील सीडर्स-सायनाय रुग्णालयाचा, डॉ. मेलिसा वाँग व त्यांच्या सहकाऱ्यांचा. त्यात ४० पहिलटकरणी होत्या. चिठ्ठ्या टाकाव्या तशा पद्धतीने त्यांचे दोन गट केले. एका गटाला अर्ध्या तासापर्यंत चष्मा दिला, दुसऱ्याला नेहमीची काळजी. वेदनेला १० पैकी गुण द्यायचे होते. चष्मा लावलेल्या गटात गुण सुमारे अर्ध्याने उतरले, दुसऱ्या गटात तेवढ्याच वेळात तितकेच चढले.

आता या आकड्यांचा अर्थ नीट समजून घेऊ. दोन गटांतील फरक सुमारे एका गुणाचा आहे. म्हणजे सातची वेदना शून्यावर आली असे मुळीच नाही. शिवाय स्त्रियांची संख्या थोडी होती आणि आपल्या डोळ्यांवर चष्मा आहे हे प्रत्येकीला ठाऊकच असते, त्यामुळे ‘बरे वाटेल’ या अपेक्षेचाही त्यात वाटा असू शकतो. तेव्हा ‘वेदनारहित प्रसूतीचा चष्मा’ अशी जाहिरात कुठे दिसली तर तिच्यावर विश्वास ठेवू नये. हा चष्मा वेदना घालवत नाही. तो बाईला वेदनेपासून थोडा वेळ बाजूला नेतो. पण घाबरलेल्या बाईला तेवढा अर्धा तासही सावरण्यास उपयोगी पडतो, हे नाकारता येणार नाही.

चष्मा केव्हा लावू नये?

ज्यांना फेफरे येतात त्यांनी हा चष्मा लावू नये. गरोदरपणात रक्तदाब वाढलेला असून डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे चमकणे अशी लक्षणे असतील, तर ती आकडी येण्याची पूर्वसूचना असू शकते. अशा वेळी चष्मा नव्हे, तातडीचा उपचार हवा. काहींना चष्म्याने गाडी लागल्यासारखी मळमळ होते. प्रसूतीत आधीच उलट्या होत असतील तर तो काढून ठेवावा. चष्मा एकीनंतर दुसरीला लावण्यापूर्वी जंतुनाशकाने पुसणे आवश्यक आहे.

आणखी एक बाब. कळांच्या काळात हिंडणे-फिरणे, बसणे, कूस बदलणे हे फायद्याचे असते. चष्मा लावून चालता येत नाही. म्हणून तो थोड्या-थोड्या वेळासाठीच वापरावा. आणि बाळ बाहेर येण्याच्या वेळी, जोर करावयाच्या टप्प्यात, डॉक्टर व सिस्टर काय सांगतात ते ऐकू येणे, दिसणे महत्त्वाचे असते. त्या वेळी तो बाजूलाच असलेला बरा.

चष्मा नसेल तर?

वाचक म्हणतील, ‘डॉक्टर, आमच्या ग्रामीण रुग्णालयात असला चष्मा कुठला?’ प्रश्न रास्त आहे. परंतु या चष्म्याच्या आत डोकावून पाहिले तर त्यात तीनच गोष्टी सापडतात: शांत जागा, हळू श्वास आणि ‘मी सोबत आहे’ असे सांगणारा एक आवाज. या तिन्ही गोष्टी यंत्राशिवायही देता येतात, आणि त्यांतली शेवटची तर माणूसच अधिक चांगली देऊ शकतो.

सोबतीबाबतचा पुरावा चष्म्यापेक्षा कितीतरी भक्कम आहे. १७ देशांतील १५ हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या २६ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. प्रसूतीच्या काळात ज्यांच्याजवळ सतत कुणी धीर देणारे होते, त्यांच्यात नैसर्गिक प्रसूती अधिक, सिझेरियन कमी, वेदनाशामक औषधांची गरज कमी आणि कळांचा काळ थोडा कमी असे आढळले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली दिलेल्या शिफारशींत बाईच्या पसंतीची सोबत, श्वसन व शिथिलीकरण, संगीत, मालीश आणि गरम शेक यांचा समावेश आहे. आपल्या केंद्र सरकारनेही सरकारी रुग्णालयांतील प्रसूतिकक्षात बाईजवळ एक सोबतीण राहू देण्याचा निर्णय २०१६ साली घेतला. ही माहिती घरोघरी पोहोचायला हवी. नाव नोंदवतानाच ‘आत कोण थांबू शकेल?’ हे विचारून ठेवावे.

सोबतीण कोण असावी? आई, सासू, मावशी, थोरली जाऊ, कुणीही चालेल. पण ती स्वतः धीराची हवी. आत जाऊन रडणारी किंवा ‘माझ्या वेळी तर याहून दुखले होते’ असे सांगणारी नको. तिने कंबर चोळावी, पाणी द्यावे, कळ आली की ‘हळू श्वास सोड गं पोरी’ म्हणून लय धरावी आणि कळ ओसरली की ‘ही गेली, आता अंग सैल सोड’ असे सांगावे.

प्रसूतिकक्षातील कर्मचाऱ्यांसाठीही दोन शब्द. कामाचा ताण मोठा असतो, एकेका सिस्टरवर अनेक बायकांची जबाबदारी असते, हे खरे. तरीही खेकसणे, टोमणे मारणे, क्वचित हात उगारणे हे प्रकार भीती वाढवतात आणि भीती प्रसूती लांबवू शकते. केंद्र सरकारने २०१७ साली सुरू केलेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात बाळंतिणीला सन्मानाने वागवण्यावर भर आहे. तपासणीपूर्वी ‘ताई, आता तपासते हं’ एवढे सांगायला वेळ लागत नाही. पडदा ओढायला पैसे पडत नाहीत.

सातव्या महिन्यापासून करावयाचा सराव

रोज रात्री १० मिनिटे पुढीलप्रमाणे सराव करावा. घरातील सोबतिणीलाही तो शिकवावा.

१) डाव्या कुशीवर आरामात पडावे. डोळे मिटावेत.

२) कपाळ, जबडा, खांदे, मुठी, मांड्या व पावले ही क्रमाने सैल सोडावीत. जबडा व मुठी यांकडे विशेष लक्ष द्यावे; भीतीने त्याच प्रथम आवळल्या जातात.

३) नाकाने सावकाश श्वास घ्यावा आणि तोंडाने, दिव्यावर हळूच फुंकर घालावी तसा, त्याहून सावकाश सोडावा. भरभर धापा टाकू नयेत. त्याने चक्कर येते व हातांना मुंग्या येतात.

४) मनात एखादी आवडती जागा आणावी. माहेरची विहीर, शेताचा बांध, देवळाचा ओटा, काहीही चालेल. तेथील आवाज, वास, गारवा आठवावा. रोज तीच जागा आणावी, म्हणजे प्रसूतीच्या वेळी मन तेथे सहज जाईल. हाच आपला बिनपैशाचा चष्मा!

आवडीची भजने किंवा गाणी मोबाईलमध्ये भरून ठेवली तरी उपयोग होतो. शक्य असल्यास आठव्या महिन्यात प्रसूतिकक्ष एकदा पाहून यावा. पाहिलेल्या जागेची भीती कमी वाटते.

काही नेहमीचे प्रश्न

‘मुलगी फार घाबरते. सरळ सिझेरियनच करून टाकले तर?’ राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९-२१ या काळात देशातील २१.५ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या. गरज असेल तेव्हा सिझेरियन आई-बाळाचे प्राण वाचवते आणि त्याला घाबरू नये. परंतु ती पोटाची शस्त्रक्रिया आहे. तिच्यानंतरही दुखते आणि पुढच्या गरोदरपणात काळजी वाढते. केवळ भीतीपोटी निर्णय घेण्याआधी भीतीवर उपाय करून पाहावा आणि डॉक्टरांशी मोकळेपणी बोलावे.

‘वेदनाशामक इंजेक्शन मागितले तर बाई कमकुवत ठरते का?’ मुळीच नाही. भूलतज्ज्ञ उपलब्ध असेल तेथे पाठीत बारीक नळीवाटे औषध देऊन आईला शुद्धीत ठेवूनच वेदना बऱ्याच प्रमाणात थांबवता येते. यालाच एपिड्युरल म्हणतात. त्यामुळे सिझेरियनचे प्रमाण वाढत नाही, असे अनेक चाचण्यांतून दिसून आले आहे. सहन करणे हा गुण असेल, पण औषध मागणे हा दोष नव्हे.

‘घरी स्वस्तातला चष्मा आणून कळा घरीच काढल्या तर?’ असे करू नये. बाळाचे ठोके, आईचा रक्तदाब आणि प्रसूतीची प्रगती यांवर लक्ष ठेवणे हे चष्म्याचे काम नाही. त्यासाठी रुग्णालयच हवे.

हे दुखणे वेगळे आहे

वेदना ही शत्रू असली तरी कधी कधी ती निरोप्याचेही काम करते. कळ ओसरतच नाही, पोट सतत दगडासारखे कडक राहते, अंगावरून रक्त जाते, पाणमोट फुटून हिरवट पाणी येते, बाळाची हालचाल मंदावते, आकडी येते, किंवा डोके असह्य दुखून डोळ्यांपुढे अंधारी येते, अशा वेळी श्वसन, संगीत, चष्मा सारे बाजूला ठेवून ताबडतोब रुग्णालय गाठावे. गरोदर स्त्रीला सरकारी रुग्णालयात नेण्यासाठी १०२ क्रमांकाची व तातडीच्या वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका विनामूल्य मिळते. हे दोन्ही क्रमांक घराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत.

आभासी चष्मा उद्या कदाचित स्वस्त होईल, जिल्ह्याच्या गावीही येईल. आला तर त्याचे स्वागतच करावे. परंतु तो येईपर्यंत आपल्या लेकी-सुनांनी एकट्याने घाबरत बाळंत व्हावे असे नाही. आजच्या आज करता येण्याजोगी गोष्ट एकच: आपल्या घरात जी कुणी गरोदर असेल, तिच्यापुढे भीतीच्या गोष्टी सांगणे बंद करावे आणि प्रसूतीच्या वेळी तिच्याजवळ कोण थांबणार, हे तिलाच विचारून ठरवावे.